मूळ आमच्या वाट्याला

(ताराबाई आमच्याच आळीत राहतात. मी त्यांना काकी म्हणते. कॉलेजमध्ये आम्हाला एका कष्टकरी माणसाचं आयुष्य त्याच्या तोंडून ऐकून लिहून आणायला सांगितलं होतं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली. त्यामुळे असं लिहिताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे मला अजून नीट कळत नाही, म्हणून मी फारसं काही गाळलं नाही. काकी त्यांच्या पडवीत बसून दोन दुपारी बोलल्या. त्या बोलल्या तसं उतरवलं आणि नंतर त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी माणसांची नावं बदलायला सांगितली, तेवढी बदलली आहेत.)

माझा जनम माथेरानच्या पायथ्याचा. डोंगराच्या पोटाला आमची वाडी, पाच-सात घरं, आनि घरामागनं वर चढायची पायवाट. बाप वर माथेरानला एका हाटेलात माळीकाम करायचा. रोज डोंगर चढायचा नि रोज उतरायचा, वर घोडे हायत पन ते पावन्यांसाठी, माळ्यासाठी नाय. मला कधीमधी संगती न्यायचा. तो कुंड्या भरायचा, मी पानी घालायची, आनि तो सांगत राह्यचा, तारे, झाडाला तोंड नाय म्हनून त्याला मुकं समजू नको, पान बघ, पान सांगतं. शाळेत नाय घातलं त्यानं मला. भावाला घातलं, तो चौथीतनं पळाला. मला घातलं असतं तर मी नसते पळाले. पन जाऊ दे, ते आता कशाला, बाप गेला, भाऊ पन गेला. तू लिव पुढचं.

लगीन झालं नि मी हितं आले, कडावच्या अंगाला. सासू आधीच गेलेली. घरात सासरा, आमचे हे थोरले, आनि धाकटा दीर. त्याला मी भावजी बोलायची, आता बोलत नाय पन तवा बोलायची. माझ्यानंतर चार वर्सांनी त्याचं लगीन झालं नि रंजना आली. माझी जाऊ. भिंतीपल्याड राहते ती, तुला काय सांगायचं, तू तर तिच्याकडं पन जातेस. भाताची शेती होती, अजून हाय, पन भातावर घर चालतं काय? भात खाऊन संपतो, मीठ-मिरची कुठनं आनायची? हे खोपोलीला कारखान्यात हमालीला जायचे. आनि कर्जतच्या रस्त्याला तवा एक नर्सरी निघाली होती, तिथं बाया लागायच्या. मी गेले. शेठ बोलला, काय येतं? मी बोलले झाडाचं सगळं येतं. तो हसला, बोलला सगळं कुनालाच येत नाय गं, ब्लेड धर बघू.

ते काम तुला नीट सांगते, त्याच्याबिगर पुढचं कळनार नाय. बाजारात जो गुलाब इकतात ना, लाल, पिवळा, टपोरा, तो स्वतःच्या मुळावर नसतो. खाली रानटी गुलाबाचा खुंट असतो, पेन्सिलीयेवढा जाड. त्याच्या सालीला चीर द्यायची, मग चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हंजे पानाच्या बगलेत जिथनं फूट येते ती जागा, ती सालीसकट अल्लद काढायची, त्या चिरेत बसवायची नि प्लास्टिकच्या पट्टीनं गच्च बांधायची. डोळा भरला बोलतात त्याला. पंधरा-वीस दिसांनी सोडून बघायचं, हिरवा असला तर जगला, काळा पडला तर मेला. जगला की वर त्याच्या फांद्या, त्याची फुलं, त्याचं नाव. खालचा खुंट नुसता पानी वडायला. त्या खुंटाला स्वतःची फूट आली की ती खुडायची, येऊच द्यायची नाय. दिसभर गोनपाटावर बसून आमी डोळे भरायचो, अंगठ्याला चिंधी बांधून, तरी ब्लेड लागायचंच. माझा डोळा सहसा मरायचा नाय. शेठ दुसऱ्या बायांना बोलायचा, ताराचा हात बघा. बस, हात बघा. पगार सगळ्यांना सारखाच.

डोळा मेलेले खुंट एका कोपऱ्यात टाकायचे, त्यांचा ढीग व्हायचा. एक दिस घरी निघताना बघितलं तर ढिगात एका खुंटाचा डोळा काळा ठिक्कर पडलेला, आनि त्याच्या खालनं ही हिरवीगार फूट, वीतभर. पानी नाय, माती नाय, उनात पडलेला, आनि फुटलाय. शेठला इचारलं नेऊ काय, तो बोलला कचरा हाय तो, ने. मी पिशवीत घालून आनला आनि परसात, न्हानीचं पानी जातं तिथं, कातळाच्या कडंला लावला. हे बोलले, अजून काटे कशाला घरात, हायत ते काय कमी हायत? मी बोलले, राहू द्या वो, एक तरी झाड असं असू द्या ज्याची फूट मला खुडायला नको.

काय सांगू तुला बाय, तो असा वाढला, असा वाढला. आपल्याकडं पावसात गुलाबाची मुळं कुजतात, पन तिथं कातळ, पानी थांबतच नाय, ते त्याला मानवलं. पयल्या वर्सी कुंपनावर, मग न्हानीच्या छपरावर, मग घराच्या वळचनीला लागला. मी त्याला मासळी धुतलेलं पानी घालायची, चुलीतली राख घालायची, गाईचं शेन कुजवून घालायची. पोरं बोलायची, आय, आमाला येवढं नाय खायला घालत. माघ लागला की फुलायचा. फूल बारकं, शर्टाच्या बटनायेवढं, पांढऱ्यात गुलाबी, पन झुपक्यानं यायचं, पान दिसायचं नाय. बुंधा माझ्या मांडीयेवढा झाला. आख्ख्या गावातल्या बाया हळदीकुंकवाला फुलं न्यायला माझ्या परसात यायच्या. एकदा शेठ कुनाच्या तरी लग्नाला गावात आलता, तो वाकडी वाट करून बघायला आला. बोलला, ही कुठली जात गं? मी बोलले, तुमचा कचरा हाय शेठ. तो हसला, मग हसायचा थांबला आनि दोन वेळा बुंध्याभवती फिरला. तवापासनं नर्सरीला खुंटाच्या काड्या माझ्या झाडाच्या जायला लागल्या. म्हंजे बघ, तिथनं किती गुलाब गेले असतील, खोपोलीला, पनवेलला, कुठंकुठं बंगल्यात, वर फूल दुसऱ्याचं नि खाली खुंट माझा. ह्याचं मला तवा लय बरं वाटायचं. अक्कल नव्हती.

सासरा गेला नि वर्साच्या आत वाटनीचं निघालं. भांडन नव्हतं हां, कुनी सांगितलं तर खरं मानू नको, चुली दोन झाल्याच होत्या. आमच्यात रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आनि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजे थोरल्याला लबाडी करता येत नाय. एक वाटा चांगला पाडशील तर धाकटा तोच उचलनार, मग तू झक मारत सारखे पाडतोस. शेत सरळ वाटलं. घर मधोमध. राह्यलं परस. परसाला एका अंगाला गल्ली, तवा मातीची, बैलगाडीपुरती, आनि तिकडची माती चांगली, आंबा तिकडं, विहीर तिकडं. दुसऱ्या अंगाला कातळ नि फनस. विहीर सामाईक ठेवायची ठरलंवतं. ह्यांनी दोर धरला, सरळ मधोमध, खुट्या ठोकल्या. मी बघते तर गुलाबाचं मूळ दोन हातानं गल्लीच्या वाट्यात जात होतं.

भावजी गल्लीचा वाटा सोडनार नाय हे लहान पोर पन सांगंल. दुसऱ्या दिशी सकाळी मी ह्यांना न्हानीमागं बोलावलं, बोलले, दोर सरकवा. हे बोलले, कशाला? मी बोलले, गुलाब कातळाच्या वाट्यात येऊ द्या. हे बोलले, मग तो वाटा मोठा होतो, धाकटा तोच मागंल, मग तुझा गुलाब पन त्याला. मी रातभर इचार करून ठेवला होता. मी बोलले, मग गल्लीच्या वाट्यात विहीर अख्खी टाका. सामाईक नको. अख्खी विहीर दिसली की तो कातळाकडं बघनार पन नाय. हे बोलले, तारे, लोक दुसऱ्याला फसवायला वाटे पाडतात गं, तू आपल्यालाच फसवायला लावतेस? मी बोलले, पानी मी आनीन कुठनं पन, तुमी एक घागर उचलू नका. लय बोलले मी तवा. रडले पन. बोलले, ह्या घरात माझं असं काय हाय सांगा, दागिना हाय? माहेर हाय? तो गडी मुकाट गेला नि दोर सरकवला.

पंच बसले. भावजीनं दोनदा इचारलं, दादा, विहीर अख्खी? हे बोलले, अख्खी. पंचातला एक म्हातारा ह्यांचं नाव घेऊन बोलला, शुद्धीवर हायस ना रं? हे खाली बघून बोलले, हाय. भावजीनं गल्लीचा वाटा उचलला. मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते, पदर तोंडात घालून हसत होते. मला वाटलं, जितले. ज्याच्याकडं मूळ त्याचं झाड, असं मला वाटायचं. झाडाचं सगळं येतं ना मला, शेठला सांगितलं होतं.

मग काय. गावात म्हनच पडली. कुनी घाट्याचा व्यवहार केला की बोलायचे, तारीनं दोर सरकवला. अजून बोलतात, तुझ्या बापानं पन बोललं असंल. पयली दोन-तीन वर्सं विहिरीवर जायची मी, कुनी काय बोलत नव्हतं. मग एका चैतात पानी खाली गेलं, रंजना कठड्यावर उभी राहून बोलली, वैनी, आता दोनच हंडे न्या. मी बोलले, विहीर आमी दिली म्हनून तुमची झाली गं. ती बोलली, दिली नाय वैनी, आमी उचलली. खोटं नाय बोलली. पन मी हंडा तिथंच पालथा केला आनि घरी आले, ती परत त्या विहिरीवर गेले नाय. पार खालच्या आळीच्या हातपंपावरनं पानी आनायची, किती वर्सं, नळ यायच्या आधी. मी बोलले होते तुमी घागर उचलू नका, पन हे उचलायचे. खोपोलीवरनं दमून यायचे नि दोन घागरी आनायचे. कधी टोमना नाय मारला, खोटं कशाला बोलू. एकदाच बोलले. हातपंपावर रांग होती, उनात उभं राहून आलेले, घागर ठेवली नि गुलाबाकडं बघत बोलले, ह्याचा रस पिता आला असता तर बरं झालं असतं. येवढंच. छातीचं दुखनं होऊन गेले, त्याला पाच वर्सं झाली. मला ते एक वाक्य ठेवून गेले.

मधल्या काळात गल्लीचा डांबरी रस्ता झाला. पल्याड बंगले झाले, शनवार-रविवारी मुंबैच्या गाड्या यायला लागल्या. माती होती तवा ती गल्ली होती, डांबर पडलं नि भावजीचा वाटा सोन्याचा झाला. त्याच्या पोरानं, निलेशनं, पावन्यांसाठी खोल्या बांधल्या. मधी भिंत घातली, पुरुषभर. आनि माझ्या वाट्यातला फनस, तो वाढला, सगळ्या परसावर सावली. गुलाबाला वाटनी ठाव नाय बाय, त्याला ऊन ठाव. तो भिंत चढला नि तिकडं उतरला. दोन-तीन वर्सांत सगळा झुकला तिकडं. मूळ हिकडं, बुंधा हिकडं, काटे नि वाळला पाला हिकडं, सरडे हिकडं, आनि फूल सगळं तिकडं. निलेशनं लोखंडी पायपांचा मांडव घातला त्याला, खाली झोपाळा टांगला. पावनी येतात, झोपाळ्यावर बसून फोटो काढतात. आनि तो त्यांना सांगतो, मी हिकडनं कानानं ऐकलंय, शंभर वर्सांचा गुलाब हाय, आमच्या आजोबांनी लावला. त्याच्या आजोबानं आयुष्यात एक तुळस नाय लावली.

तरी मी पानी घालायची. शेन घालायची. महेश, माझा पोरगा, तो बोलायचा, आये, कुनासाठी मरतेस? फूल त्यांचं, पैसा त्यांचा, नि पानी तू घालतेस? मी बोलायची, राहू दे रं. पन मनात येक होतं ते तुला सांगते, तू पोरीच्या जागी हायस. मला वाटायचं, हे सगळं माझ्या हातात हाय. त्यांचा मांडव, झोपाळा, फोटो, सगळं माझ्या ह्या बुंध्यावर उभं हाय, मी मनात आनलं तर एका सकाळी संपंल, आनि मी आनत नाय. म्हंजे त्यांच्यापेक्षा मी मोठी. ह्याच्यावर मी दिस काढले. हे गेल्यावर तर ह्याच्यावरच. आनि नुसतं मनात नाय ठेवायची, पानी घालताना मोठ्यानं बोलायची, भिंतीपल्याड जाईल असं. बोलायची, झुला झुला, एक दिस कोयता घालीन तवा कळंल. रोज बोलायची. मला काय ठाव, तिकडं कुनीतरी खरंच ऐकून घेतंय.

गेल्या वर्सी महेशचं लगीन ठरलं. खोपोलीला कारखान्यात हाय तो, ठेकेदाराकडं. पोरगी शिकलेली, तिच्या बापानं आधीच सांगितलं, वेगळी खोली पायजे नि आत बाथरूम पायजे. बरोबर हाय त्याचं. खोली काढायची तर न्हानीच्या जागीच निघत होती, बाकी सगळा कातळ, फोडायला कोन बसलंय. म्हंजे बुंधा जायला पायजे होता. महेशनं गवंड्याला बोलावलं, त्यानं पांढऱ्या फक्कीनं रेघ मारली, बुंधा बरोबर रेघेच्या आत. महेश मोठ्यानं बोलला, सोमवारी झाड तोडू. भिंतीपल्याड ऐकू गेलं. जायलाच पायजे होतं.

आता ऐक, हे मी महेशला पन नाय सांगितलं. मी त्यांची वाट बघत होते. मला वाटलं आता येतील. निलेश येईल, काकी, नका हो तोडू, बोलंल. नायतर रंजना येईल, भिंतीपाशी उभी राहंल, वैनी, बोलंल. मी कबूल करनार होते गं. देवाशपथ. गवंड्याला बोलनार होते, रेघ हलव, कातळ फोडायला लागला तरी चालंल, खोली बारकी झाली तरी चालंल. फक्त एकदा कुनीतरी येऊन मागायला पायजे होतं. सोमवार आला, मी बोलले आज नको, अमुश्या हाय. मंगळवारी बोलले, मंगळवारी झाडाला हात लावत नाय. गवंडी कावला. बुधवारी निलेश दारावरनं गेला, मी पडवीत बसलेली, माझ्याकडं बघितलं, मान हालवली, मोटरसायकल काढली नि गेला. झाडाचं अक्षर नाय. माझ्या अंगाची आग झाली. बोलले, येवढा माज?

गुरवारी सकाळी महेश कामाला गेला, गवंडी यायचा होता, मी स्वतः कुऱ्हाड घेतली. परक्या हातानं नको. सालीत पयला घाव घातला तवा ती आतनं वली निघाली, फागुन होता, फुलावर होता ना तो. बुंधा कसला, दगड. दुपार झाली. हाताचं पार रगत रगत झालं, पदर काट्यात अडकून फाटला, तो तसाच ठेवला. तिकडं झोपाळ्याची कडी वाजत होती, पावनी होती कुनीतरी, पोरं हसत होती. एक बाय बोलली, काय तोडतायत काय? आनि निलेशचा आवाज आला, काय नाय वो, शेजारी काम चालू हाय. शेजारी. शेवटच्या घावाला बुंधा सरकला नि गप झाला. मला वाटलं होतं आवाज होईल मोठा. नाय झाला.

मग मी वाट बघत बसले. फागुनातलं ऊन, मूळ तोडलेली फांदी दोन दिसात मान टाकते, हे मला कुनी सांगायला नको, जलमभर हेच केलं. हिकडचा पाला दुसऱ्या दिशीच काळवंडला. मी ठोकळ्यावर उभी राहून भिंतीवरनं बघितलं, तिकडं हिरवा. बोलले उद्या. उद्या थोड्या फांद्या सुकल्या, निलेशच्या गड्यानं त्या कातरल्या नि गाडीत भरून नेल्या, झालं. बाकी हिरवा. चौथ्या दिशी हिरवा. आठव्या दिशी त्याच्यावर नव्या कळ्या. मला वाटलं माझं डोकं फिरलं.

मी गेले. वाटनी झाल्यावर विहीर सोडली तवापासनं त्या परसात पाय नव्हता ठेवला, रस्त्यानं वळसा घालून गेले. रंजना विहिरीपाशी तांदूळ निवडत बसलेली. मला बघून उठली. मी तिच्याशी नाय बोलले, सरळ मांडवाखाली गेले. आनि बघितलं. जमिनीतनं तीन बुंधे वर गेलेले, मनगटायेवढे, बुडाला दगड रचलेले, आळी केलेली, आळ्यात शेन. दाब दिलेला गं. लांब फांदी वाकवायची, खाली थोडी साल काढायची, मातीत पुरायची, वर दगड ठेवायचा, मुळं धरली की मागची जोड तोडायची. झाड वेगळं झालं. नर्सरीत पयलं काम हेच असतं. रंजना दोन हंगाम माझ्या बाजूला गोनपाटावर बसली होती, तवा आमचं बरं होतं, मीच तिला लावली होती कामाला, मीच हात धरून शिकवलंवतं.

मी इचारलं, कवा केलंस? ती बोलली, सहा वर्सं झाली वैनी. मी बोलले, जोड कवा तोडलीस? बोलली, दुसऱ्या वर्सी. म्हंजे बघ, त्यांचा गुलाब कधीच त्यांचा झाला होता, आनि मी हिकडं धमक्या देत होते, मोठेपना घेत होते. मी बोलले, मला सांगायचं तरी होतंस. ती बोलली, काय सांगू वैनी? तुमी रोज भिंतीपल्याडनं बोलायच्या कोयता घालीन, कोयता घालीन. पोरानं त्याच्यावर धंदा मांडलेला. मी घाबरले. आमच्या यांना बोलले, वैनी एक दिस घालनार बघा. हे बोलले, नाय गं, वैनी तसं नाय करायची, त्या गुलाबापायी तिनं विहीर सोडली. मी बोलले, करंल.

म्हंजे भावजीला माझा भरवसा होता आनि हिला नव्हता. आनि मी कुनाचं खरं केलं? हिचं. माझ्या हातानं, कुऱ्हाड घेऊन. ती बोलली, हात बघू, हळद लावते. मी हात पदरात घातला. बोलली, चा तरी घ्या. मी उभ्यानंच चा घेतला, का घेतला ते मला ठाव नाय, तोंड कोरडं पडलेलं. दुधाचा होता. पेला इसळून कठड्यावर पालथा घातला नि आले.

खोली झाली. चांगली झाली, आत बाथरूम, फरशी, महेशनं कर्जतवरनं आनली. सून चांगली हाय, वाकडं बोलत नाय. लग्नाच्या तिसऱ्या दिशी ती महेशला बोलली, शेजारी केवढा गुलाब हाय, तिथं फोटो काढू या ना. महेश माझ्याकडं बघायला लागला. मी बोलले, जा, काढा. तर ती पोर माझाच हात धरून बोलली, आई, तुमी पन चला. गेले मी. हळदीची साडी होती अंगावर. रंजनानं मला बघून झोपाळा धरून ठेवला, बोलली बसा, मी नाय बसले, पोरांच्या मागं उभी राह्यले. वर नुसती फुलं, वास असा की डोकं गरगरावं. फोटो काढनारा पोरगा बोलला, बापरे, किती जुना हाय हा? आनि निलेश नेहमीसारखा बोलला, शंभर वर्सांचा, आमच्या आजोबांनी लावलेला. महेश पुढं झाला, त्याच्या तोंडावर आलंवतं, ए, माझ्या आयनं लावलाय. मी त्याचा दंड धरला. सून माझ्याकडं बघत होती, नवी पोर, तिला काय ठाव नव्हतं. मी लावला बोलले असते तर ती इचारनार, मग मूळ कुठं हाय? मग काय सांगू तिला, तू ज्या खोलीत झोपतेस तिच्याखाली हाय, तोडलं कुनी, का तोडलं?

फोटोत मी हाय. महेशच्या मोबायलमधी हाय, तुला दाखवील तो.

आता काय, दिस जातात. सुनेला दिवस गेलेत, तिचं बरं होवो, रंजनाच्या घरचं पन बरं होवो, वाईट चिंतून काय होतं ते मी बघितलं. तू शिक बाय, मोठी हो. आनि हे लिवतेस तर एक सांगते. त्यांच्या पावन्यांना कुनी सांगू दे आजोबानं लावला, तुझ्या कागदावर तसं नको. मीच लावला, असं लिव. आनि त्याच्या खालीच लिव, तोडला पन मीच. एक लिवून दुसरं सोडू नको. लिवायचं तर दोनी लिव.